तुम्ही विचारलंत म्हणून: फिल्टर असताना चेंबरच्या नटाला मॅग्नेट कशाला?

गाडीच्या ऑइलचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, ड्रेन प्लगला, म्हणजे ऑइल काढायला चेंबरच्या तळाशी असतो त्या नटाला, मॅग्नेट लावून नक्की मिळतं काय, इंजिनचं आयुष्य वाढतं हे सिद्ध करून दाखवा. दरवेळी तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून आता एकदाच सगळं लिहितो.

आधी इंजिनचं. फिल्टर आहे, मान्य. पण साधा फिल्टर साधारण २०-३० मायक्रॉनच्या वरचे कण नीट धरतो, त्याहून बारीक बरेचसे निसटतात, आणि ऑइल थंड आणि घट्ट असताना किंवा फिल्टर तुंबला की बायपास उघडतो तेव्हा तर ऑइल न गाळताच पुढे जातं. शिवाय पंप फिल्टरच्या आधी बसतो, त्याच्या वाट्याला फक्त जाळीतून आलेलं ऑइल. मग तळाशी मॅग्नेट असला तर बिघडलं काय? हे मी पूर्वी फार जोरात सांगायचो. आता माझंच म्हणणं मला पूर्ण पटत नाही. मॅग्नेटची ओढ जराशा अंतरावर संपते, नटाजवळून जे जाईल तेवढंच तो धरणार, आणि तेही फक्त लोखंड-स्टील. पिस्टन ॲल्युमिनियमचा, बेअरिंग शेलचा थर शिसं-कथलाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा, त्याला मॅग्नेट हातच लावत नाही. नट स्वच्छ निघाला म्हणजे इंजिन ठणठणीत, असं मी कधीच म्हटलेलं नाही, ते माझ्या नावावर खपवू नका.

माझं खरं उत्तर गिअरबॉक्सचं आहे. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सला फिल्टर नसतोच, जे झिजतं ते पुढचं ऑइल बदलेपर्यंत आतच फिरतं.

माझ्या गिअरबॉक्सला मॅग्नेटवाला नट होता. ऑइल बदलायला गाडी वर घेतली, मेकॅनिकने नट काढला आणि मी पुढे होईपर्यंत कॉटन वेस्टने पुसून बाजूला ठेवला. त्याच्या लेखी तो मळका नट होता, आणि मला बघायचा होता तो मळच. ते वेस्ट मी मागून घेतलं, बॅटरीच्या उजेडात उलगडलं. राखाडी मलम होतं, बोटात चोळलं तर खरखर नाही, तेवढं ठीकच, रोजच्या झिजेचं तसंच होतं. पण त्यात दोन पापुद्रे होते. नखाने सुटे केले. पातळ, कडेला धार, एक बाजू गुळगुळीत चकचकीत आणि दुसरी खडबडीत, मळकट. साध्या झिजेची भुकटी होते, असा पापुद्रा नाही. तो निघतो बेअरिंगच्या रेसचा (ज्या कड्यावर गोळ्या फिरतात त्याचा) किंवा गिअरच्या दाताचा पृष्ठभाग थकून उखडायला लागला की.

मी म्हटलं, उघडू या. तो म्हणाला, साहेब आवाज नाही, गिअर लोण्यासारखे पडतायत, हे असतंच, आणि चालता गिअरबॉक्स खोलला तर नंतरची जबाबदारी माझी नाही. दुसरीकडे दाखवलं, त्यांनीही चक्कर मारून बघितली आणि तेच सांगितलं. पापुद्रे मी कागदात बांधून ठेवले होते, त्यांनी ते उलटून पण बघितले नाहीत. पुढे पाचव्या गिअरमध्ये गुणगुण सुरू झाली, मग चौथ्यात, मग ॲक्सिलरेटर सोडला तरी. शेवटी उघडावाच लागला. बेअरिंगच्या रेसवर खड्डेच खड्डे, शाफ्टला खेळ आलेला, आणि त्या खेळामुळे दोन गिअरचे दात कडेला खाल्लेले. एका बेअरिंगवर भागलं असतं तिथे शाफ्ट आणि गिअर पण बदलले.

हे सांगितलं की लगेच प्रश्न येतो, मग मॅग्नेटने वाचवलं काय? हा प्रश्न मला लागतो, खोटं कशाला बोलू. वाचवलं काहीच नाही. पण आवाज यायच्या कितीतरी आधी त्याने दाखवलं होतं, आणि ते कुणी वाचलं नाही हा नटाचा दोष कसा? हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये असाच मॅग्नेटिक प्लग असतो, त्याच्या दोन टोकांमध्ये लोखंडाचे कण साचले की सर्किट पूर्ण होऊन कॉकपिटमध्ये दिवा लागतो. तिथे कुणी ‘हे असतंच’ म्हणून उडत राहत नाही.

आता घ्यायचाच असेल तर. साधा निओडिमियमचा मॅग्नेट साधारण ८० डिग्रीच्या वर कायमचा कमजोर व्हायला लागतो आणि इंजिन ऑइल १०० च्या आसपास सहज जातं, म्हणून जास्त तापमानाच्या ग्रेडचा किंवा समेरियम-कोबाल्टचा बघा. मॅग्नेट नुसता चिकटवलेला असेल तर नको, सुटला तर तोच आत फिरेल. वॉशर नवा टाका, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरला पाना अंदाजाने पिळू नका, आटे गेले की मॅग्नेटच्या सगळ्या फायद्यावर पाणी.

इंजिनचं आयुष्य वाढतं का? एका गाडीवरून ते ठरत नाही, माझ्या तर नाहीच नाही. तरी माझ्या इंजिनलाही मॅग्नेटवालाच नट आहे, आणि तो काढायची माझी तयारी नाही.