अंगठा तारेवर रेंगाळला की स्वर मेला

लातूर, मे महिना, सोमवार दुपार

आज बेस गिटारवर स्लॅपचा, म्हणजे अंगठा तारेवर आपटून वाजवण्याचा, सराव. अँपच्या (अँप्लिफायरच्या) एकाही बटणाला हात लावायचा नाही. स्लॅप बद्द येतो तेव्हा आपण आधी ट्रेबल (उंच, धारदार आवाज) वाढवतो, आणि दोष मात्र बहुतेक वेळा अंगठ्यात असतो.

तबला शिकलेल्याला हे लगेच कळेल. ‘ना’ वाजवताना तर्जनी किनारीवर पडते आणि त्याच क्षणी उठते, म्हणून बोल घुमतो. बंद बोलाला बोटं पुडीवरच राहतात, तिथं घुमारा नाही. बेसच्या तारेचंही तसंच. अंगठा पडला आणि तिथंच टेकून राहिला, तर ज्या तारेला आपण हलवलं तिलाच आपण दाबून टाकतो. ऐकू येतो तो नुसता ‘ठप्प’.

मारायचं अंगठ्याच्या मधल्या सांध्याच्या बाजूच्या हाडानं. मांसल भाग लागला की टोकदारपणा जातो. जागा म्हणजे फ्रेटबोर्ड (तारा दाबायची पट्टी) संपतो तिथं, शेवटच्या दोन-तीन फ्रेटवर, म्हणजे पट्टीवरच्या आडव्या धातूच्या कड्यांवर. तार तिथं फ्रेटच्या धातूवर आपटते आणि तोच तो ‘टण्’ आवाज. ब्रिजकडे, म्हणजे तारा खालच्या टोकाला अडकतात तिकडे, सरकलं की तार ताठ लागते, अंगठा दुखतो आणि आवाज बारीक होतो. ताकद खांद्यातून आणायची नाही. कुलपात किल्ली फिरवताना कोपरापुढचा हात जसा वळतो, तेवढीच हालचाल. मनगट ताठ ठेवलं तर दहा मिनिटांत हात भरून येतो.

आजचा पाठ: मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोके, मोकळी ई तार (सगळ्यात जाड), एका ठोक्याला दोन आघात. प्रत्येक आघातानंतर स्वर पूर्ण वाजतो का, एवढंच ऐकायचं. सलग दोन मिनिटं स्वच्छ आलं तरच ६४.

संध्याकाळ

पॉपवर, म्हणजे बोटानं तार उचलून सोडण्यावर, आलो की हात आपोआप जोर करतो. तर्जनीचं फक्त टोक तारेखाली घालायचं, थोडं उचलायचं आणि सोडायचं. बोट खोल अडकलं तर दोन नुकसानं होतात: बोट सुटायला वेळ लागून ताल मागे पडतो, आणि तार ताणल्यामुळं स्वर सुरुवातीला चढा लागतो. सरावाला जुनी जोडी पुरे: ई तारेच्या ३ऱ्या फ्रेटवरचा जी अंगठ्यानं, डी तारेच्या ५व्या फ्रेटवरचा वरचा जी पॉपनं.

ही जोडी ऐकली की संबळ आठवतो. तुळजापूरच्या वाटेवरचा गोंधळ ऐकणाऱ्या माणसाला एक खर्जाचा आणि एक चढा, असे दोन आवाज एकमेकांना उत्तर देताना ऐकायची सवय असते. स्लॅपचं मूळही तालातच आहे. स्लॅपची सुरुवात करणारे अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवत होते आणि सोबत ड्रमर नव्हता. म्हणून अंगठ्यानं किक ड्रमची (पायानं वाजणाऱ्या खर्जाच्या ड्रमची) जागा भरली, पॉपनं स्नेअरची (कडक वाजणाऱ्या ड्रमची). त्यामुळं स्लॅपची ओळ आधी तोंडानं म्हणावी, बोलांसारखी. तोंडात जी बसत नाही ती हातातही बसत नाही.

आणि डावा हात! स्लॅप स्वच्छ ठेवणारा खरा हात हाच. न वाजणाऱ्या तारांवर उरलेली बोटं आडवी टेकलेली हवीत, नाहीतर अंगठ्याच्या धक्क्यानं ए आणि डी तारा मागे गुणगुणत राहतात. घोस्ट नोटला (स्वर न लागता नुसता ठोका ऐकू येतो त्याला) दोन बोटं तरी हलकी टेकवावीत. एकच बोट असेल तर ५व्या, ७व्या किंवा १२व्या फ्रेटवर हार्मोनिक (घंटीसारखा बारीक उंच स्वर) वाजून जातो.

मंगळवार सकाळ

कोरड्या उन्हानं नेकचं (बेसच्या लांब दांड्याचं) लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं तळहाताला लागतात, नेकचा बाकही बदलतो. तपासायची रीत सोपी आहे. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि ७व्या-८व्या फ्रेटपाशी फट बघायची. साधारण ०.३ मिमी हवी, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी. ट्रस रॉड (नेकमधली बाक बदलणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवावा. १२व्या फ्रेटवर ई तार २ ते २.५ मिमी उंच ठीक. त्याहून उंच तार फ्रेटवर नीट आपटत नाही, फार खाली असली तर सगळीकडे खरखर.

तारा राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या), जाडी ४५ ते १०५. घामानं त्या लवकर मरतात. वाजवून झाल्यावर सुती फडक्यानं वरून आणि खालूनही पुसाव्यात.

जॅझ बेस (दोन पिकअपचा बेस) असेल तर दोन्ही पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे चुंबक, पूर्ण उघडे. मधले स्वरपट्टे थोडे आपसात कटतात, स्लॅपला हवा तो मोकळेपणा येतो आणि गुणगुणही जाते. एकच पिकअप उघडा ठेवला की मांडवातल्या लायटिंगची घरघर आलीच. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून सारखा करणारं यंत्र) ४:१, अटॅक, म्हणजे दाबायला सुरुवात करायचा वेळ, २० ते ३० मिलिसेकंद. ५च्या खाली नेला तर तो ‘टण्’च खाऊन टाकतो. त्याचा काटा ४-५ डेसिबलपेक्षा जास्त पडत असेल तर पॉपचा जोर हातानंच कमी करावा.

खोलीत एकटं वाजवताना ५०० हर्ट्झच्या आसपास खूप कापलेला आवाज फार गोड लागतो. मांडवात ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड सुरू झाले की तोच बेस नाहीसा होतो. तिथं २-३ डेसिबल कापून थांबावं. खालचे ८० हर्ट्झही वाढवू नयेत, ती जागा ढोलकीच्या धुमची आहे.