पुन्हा पुन्हा येणारी हिरडीवरची गाठ

बेदाण्याचा हंगाम संपल्यावर तासगावकडच्या एक ताई माझ्या सांगलीतील दवाखान्यात आल्या. त्यांच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये चिंचोक्याएवढी फिकट गुलाबी गाठ होती. ती दाबल्यावर दुखत नव्हती, बोटाला टणक लागत होती, पण भाकरीचा कडक पापुद्रा घासला की तिच्यातून रक्त येई. तोंडावर पदर धरून त्यांनी विचारले, "दोनदा काढली, तरी परत आलीच बघा. वंगाळ काही न्हाई न्हवं?"

आधीच्या दोन्ही वेळी, दुसऱ्या दवाखान्यांत, काढलेला तुकडा तपासणीला पाठवलेलाच नव्हता. याचे मला फार वाईट वाटते, कारण अशा गाठी वरून एकसारख्याच दिसतात. गरोदरपणात अनेकदा येणारा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा (बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेली साधी गाठ) असेल, जायंट सेल ग्रॅन्युलोमा (मोठमोठ्या पेशींची साधी गाठ) असेल (तो वारंवार येत असल्यास रक्तातील कॅल्शियम आणि ते सांभाळणाऱ्या, गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे हार्मोन तपासावे लागते), किंवा क्वचित कर्करोगही असू शकतो. हे केवळ नजरेने ठरवता येत नाही. रक्तदाबासाठीच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनीही हिरडी वाढते, परंतु ती सहसा अनेक दातांभोवती सुजते आणि ताईंना तशी कोणतीही गोळी चालू नव्हती.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत होते, गाठीत मात्र पुसट पांढरे ठिपके दिसले. जागा बधिर करून मी गाठ मुळासकट, हाडावरच्या आवरणापर्यंत काढली, शेजारच्या दातांच्या मुळांवर हिरडीखाली दडलेला कीट (दातांवर साचून कडक झालेला थर) खरवडला आणि तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवला. निदान पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमाचे, म्हणजे आत हाडासारखे कण तयार होणाऱ्या हिरडीवरच्या तंतुमय गाठीचे आले. ही गाठ कर्करोगाची नसते. दाताला हाडाशी धरून ठेवणाऱ्या तंतूंमधून ती उगवते असे मानले जाते, आणि म्हणूनच वरचा फुगवटा तेवढा कापला, आतला भाग आणि सतत टोचणारा कीट तसाच राहिला, तर ती पुन्हा डोके वर काढते.

अहवाल वाचून दाखवल्यावर ताईंनी तो दोनदा घडी करून पिशवीत अगदी तळाशी ठेवला. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत हिरडी घट्ट आणि निरोगी होती. एवढे खोलवर काढल्यामुळे एक दात किंचित लांब दिसतो, याची कल्पना त्यांना आधीच दिली होती. तिथे हिरडीचे कलम (दुसरीकडचा तुकडा आणून लावणे) करायचे का, हे आम्ही वर्षभर गाठ आली नाही तरच ठरवणार आहोत.