डाइव्ह लाइट निवडताना : लुमेनच्या पलीकडे

नाइट डाइव्हच्या, म्हणजे रात्री पाण्याखाली उतरण्याच्या, कोर्सला नाव घातलं तेव्हा इन्स्ट्रक्टरांनी एक अट घातली : प्रत्येकाकडे स्वतःचे दोन दिवे हवेत, एक मुख्य आणि एक राखीव. तोवर मी सेंटरवर मिळेल तो टॉर्च घेऊन जात असे. शोधायला बसले आणि समोर नुसते लुमेनचे, म्हणजे प्रकाशाच्या मापाचे, आकडे. ८००, १५००, ३०००, कुठे तर १००००. किंमतही त्या आकड्यामागोमाग चढत जाणारी. इन्स्ट्रक्टरांना विचारलं, "किती लुमेनचा घेऊ?" ते म्हणाले, "आधी सांग, पाणी कसं आहे आणि तुला बघायचं काय आहे?" पुढची सगळी निवड मी या प्रश्नाला धरूनच केली.

दिवा फक्त रात्रीसाठी नसतो. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. पाच-सहा मीटरवर तो फिका पडतो, १० मीटरच्या पुढे जवळजवळ नाहीसाच होतो. मग नारिंगी, मग पिवळा. मागे उरतो तो निळा-हिरवा. एकदा भर दुपारच्या डाइव्हला खडकाच्या कपारीत मळकट तपकिरी दिसणाऱ्या एका स्पंजवर (हा एक समुद्री जीव) बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या माझ्या जोडीदाराने, दिवा धरला आणि तो स्पंज एकदम लालभडक दिसायला लागला. दिवा बाजूला केला की पुन्हा तपकिरी. आम्ही दोघं तिथे बराच वेळ हेच करत राहिलो. पण यासाठी जवळ जावं लागतं. दिव्यापासून स्पंजपर्यंत आणि स्पंजपासून डोळ्यापर्यंत, जाता-येता दोन्ही वेळा पाणी तो लाल रंग खातंच. लांबून कितीही लुमेन ओतले तरी तसा रंग खुलत नाही.

आता मुद्दा बीमचा, म्हणजे झोत किती अंशांत पसरतो याचा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यावर घालवावा. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे जातो हे लुमेन सांगत नाही. १० अंशांचा झोत आणि १२० अंशांचा झोत यांत तेवढ्याच अंतरावर उजळणाऱ्या जागेचा फरक शंभर पटींहून जास्त असतो. म्हणजे रुंद झोताच्या ३००० लुमेनच्या दिव्यापेक्षा अरुंद झोताचा १००० लुमेनचा दिवा लांबवर कितीतरी प्रखर पडतो. त्यात बरेच उत्पादक कोन हवेतला देतात. सपाट काचेतून पाण्यात शिरताना झोत आवळतो, १० अंशांचा साधारण साडेसात होतो. म्हणून कॅटलॉगमध्ये कोन हवेतला दिलाय की पाण्यातला, हे बघून घ्यायचं.

मी जिथे डाइव्ह करते तिथलं पाणी बहुतेक वेळा गढूळ असतं. अशा पाण्यात रुंद झोत लावला की डोळ्यांपुढचे तरंगणारे कणच उजळतात, दाट धुक्यात गाडीचा हाय बीम लावल्यासारखं. अरुंद झोत कणांच्या मधून वाट काढतो. शिवाय रात्री बडीशी बोलायचं ते झोतानेच : सावकाश गोल फिरवला तर 'ठीक', आडवा जोरजोरात हलवला तर 'मदत'. पसरट उजेडाने ही खूण नीट उमटत नाही. म्हणून मुख्य दिवा १० अंशांचा, हजारेक लुमेनचा, कडेला थोडा मंद उजेड सांडणारा, असा ठरवला. हे पारखायला दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर तीन-चार दिवे एकामागून एक मारून पाहिले. मधला ठिपका एकसारखा आहे की त्यात कडी दिसतात, हे तिथेच कळतं.

स्विच मात्र डाइव्हचे हातमोजे चढवूनच तपासला. पुढचं डोकं पिळून चालू होणारे दिवे मी सोडून दिले. ते फिरवताना ओ-रिंगही (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) सरकते आणि खोलवर पाण्याच्या दाबाने डोकं आवळलं जातं. सरकत्या चुंबकाचा स्विच आवडला, कारण आवरणाला भोकच पाडावं लागत नाही. त्याला लॉक हवं. बॅगेत दिवा आपोआप चालू झाला तर पाण्याचा थंडावा नसल्याने तो चांगलाच तापतो.

खोलीच्या मर्यादेवर मी फार अडले नाही. हौशी डायव्हरची मर्यादा ४० मीटर आणि बहुतेक डाइव्ह लाइट १०० मीटरचे असतात. फक्त 'आयपीएक्स८' हा पाणी न शिरण्याचा दर्जा एवढंच लिहिलेला टॉर्च डाइव्हसाठी पुरेसा समजू नये. त्याच्या पुढे मीटरचा आकडा हवाच.

रनटाइमच्या, म्हणजे एका चार्जवर दिवा किती वेळ चालतो त्या, आकड्याकडे जरा नीट बघा. एएनएसआय एफएल१ या टॉर्चसाठीच्या मानकानुसार प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. 'दोन तास' लिहिलेलं असलं तरी दोन तास पूर्ण प्रकाश मिळेलच असं नाही. मी उतरत्या प्रकाशाचा आलेख मागितला आणि पहिला तासभर जवळजवळ सपाट रेषा असलेला दिवा घेतला. बॅटरी २१७००, म्हणजे २१ मिलिमीटर व्यासाची आणि ७० मिलिमीटर लांबीची. ५००० एमएएचची असेल तर साधारण १८ वॉट-तास. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात, टोकं झाकून.

राखीव दिवा छोटा घेतला, पण निवडताना तेवढीच काळजी घेतली. मुख्य दिवा विझला तर या राखीव दिव्याच्याच उजेडात बडीपर्यंत जायचं आणि वर यायचं असतं. तो उजव्या खांद्यावरच्या पट्ट्याच्या डी-रिंगला (डी आकाराच्या कडीला) बोल्ट स्नॅपने, म्हणजे खटक्याच्या हुकाने, अडकवते, डोळे मिटूनही हाताला लागेल असा.

डाइव्ह झाली की दोन्ही दिवे बंद ठेवूनच गोड्या पाण्यात बुडवते, पुसून कोरडे करते, मगच उघडते. ओ-रिंग बोटांमधून फिरवून बघते. एखादा केस किंवा वाळूचा कण एवढ्यानेही पाणी आत शिरतं. सिलिकॉन ग्रीस फक्त चकाकी येईल इतकंच लावायचं, जास्त लावलं तर धूळ चिकटते. व्हिडिओसाठी रुंद झोताचा दिवा लागेल, पण तो कॅमेरा घेतल्यावर.