नागासाकीतला नाताळ आणि वसईचे गोन्सालो

जपानमध्ये २५ डिसेंबर हा कामाचा दिवस असतो. पूर्वी निदान २३ तारखेला सुट्टी मिळायची, कारण तो सम्राट अकिहितो यांचा वाढदिवस. २०१९ मध्ये ते सिंहासनावरून पायउतार झाले आणि तीही सुट्टी गेली. मी फुकुओकामध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. इथे आल्यापासून माझे नाताळ सकाळच्या मीटिंगने सुरू झाले आणि रात्री उशिराच्या मेट्रोत संपले. वसईत वाढलेल्या माणसाला हे फार जड जातं. आमच्याकडे डिसेंबर लागला की आळीतली मुलं येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पेंढा आणि बांबू गोळा करत फिरतात, घरोघरी तारे लागतात, करंज्या तळल्या जातात आणि २४च्या रात्री अख्खं गाव नवे कपडे घालून चर्चच्या पटांगणात मराठी मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, जमतं.

इथे नाताळ नसतो असं मात्र नाही. नोव्हेंबरातच फुकुओकाच्या हाकाता स्टेशनसमोरचा चौक दिव्यांनी भरून जातो, लाकडी टपऱ्यांचा ख्रिसमस बाजार उभा राहतो आणि लोक मसाला घातलेल्या गरम वाइनचे मग हातात धरून थंडीत गप्पा मारत उभे असतात. २४ तारखेला तळलेलं चिकन खायचं, हा तर जवळजवळ राष्ट्रीय रिवाज झाला आहे. केएफसीने १९७४ साली देशभर तशी जाहिरात सुरू केली आणि आता त्या दिवसाचं चिकन हवं असेल तर खूप आधी नाव नोंदवावं लागतं. केकचंही तसंच. आपल्या मनुका-काजूच्या गडद केकशी त्याचं काही नातं नाही. मऊ स्पंज, पांढरंशुभ्र क्रीम आणि वर लालचुटुक स्ट्रॉबेरी. २४ची संध्याकाळ तरुण जोडप्यांची असते, रात्री लहान मुलांच्या उशाशी भेटवस्तू ठेवतात. २५च्या रात्री उरलेल्या केकवर अर्ध्या किमतीचं लेबल लागतं आणि २६ला सकाळी ख्रिसमसची झाडं जाऊन दारोदार नव्या वर्षाचे बांबू-पाइनचे कादोमात्सु उभे राहतात.

परदेशातले आपले काही लोक याला खोटा नाताळ म्हणतात. मला ते पटत नाही. माझ्या शेजारी बसणारा सहकारी मुलीसाठी आणलेलं खेळणं ऑफिसच्या कपाटात लपवून ठेवतो आणि २४ला ते काळजीने पिशवीत घालून घरी नेतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पूर्ण खरा असतो. पण ज्याच्या जन्माचा हा सण, त्याचं नाव या सगळ्यात कुठे येत नाही. जपानमध्ये ख्रिस्ती माणसं लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास. फुकुओकातही चर्च आहेत आणि मी रविवारी जाते. तरी २०२५च्या नाताळाला मी दोन दिवसांची रजा टाकली आणि नागासाकीचं तिकीट काढलं. त्याचं कारण वसईतच होतं.

मी बारावी केली ते कॉलेज संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं. आमच्याकडे हे नाव इतकं रुळलेलं आहे की त्यामागचा माणूस सहसा डोळ्यांपुढे येत नाही. जपानी शिकायला लागल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याविषयी मन लावून वाचलं. १५५६-५७च्या सुमारास वसईत जन्म. वडील पोर्तुगीज, आई तिथलीच, आपल्या मातीतली. जेझुइट धर्मगुरूंकडे शिक्षण आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला प्रयाण. तिथे ते भाषा शिकले, पुढे व्यापारात पडले, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या धर्मसंघात ब्रदर झाले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळाचे दुभाषी म्हणून ते जपानला परतले आणि थेट तोयोतोमी हिदेयोशीपुढे उभे राहिले. जपानचा त्या काळचा सर्वांत बलाढ्य माणूस आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा वसईचा मुलगा! ग्राहकापुढे आदरार्थी जपानीतलं प्रत्येक क्रियापद तोलून वापरताना मला त्यांची आठवण येते.

१५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. त्यातल्या मालावरून वाद पेटला, मिशनऱ्यांच्या हेतूंविषयीचा संशय वाढला आणि डिसेंबरात हिदेयोशीने धरपकडीचा हुकूम दिला. गोन्सालो आणि त्यांच्या सोबत्यांचा शेवटचा नाताळ पहाऱ्यात गेला. जानेवारीत क्योतोमध्ये प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून धिंड काढली आणि मग ऐन हिवाळ्यात त्यांना पश्चिमेकडे चालवत नेलं, सुमारे ८०० किलोमीटर. निघाले तेव्हा चोवीस जण होते, वाटेत आणखी दोघे सामील झाले.

ही वाट हाकातावरून जाते. म्हणजे मी रोज ज्या भागातून ऑफिसला जाते तिथून! २४च्या सकाळी रिले कामोमे गाडीत बसले तेव्हा हेच डोक्यात होतं. ताकेओ-ओन्सेनला उतरून त्याच फलाटावर समोर उभ्या असलेल्या शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बसायचं. ही पश्चिम क्युशू शिंकान्सेन २०२२च्या सप्टेंबरात सुरू झाली. तिचा बराचसा मार्ग बोगद्यांतून जातो, पण ओमुराजवळ मधूनच आखाताचं पाणी दिसतं, त्या दिवशी अगदी करडं. ४ फेब्रुवारी १५९७ची रात्र त्या सव्वीस जणांनी याच आखातात होड्यांमध्ये काढली होती. हाकाताहून नागासाकीला पोचायला मला दीड तासाच्या आसपास लागला.

५ फेब्रुवारीला त्या सव्वीस जणांना जिथे क्रूसावर मारलं, ती निशिझाकाची टेकडी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. तीव्र चढ, मग एक मोकळं पटांगण आणि समोर १९६२ साली उभारलेलं स्मारक. गोन्सालो आणि इतरांना संतपद मिळालं १८६२ मध्ये, त्याच्या शताब्दीला शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी हे काम केलं. लांब आडव्या भिंतीवर सव्वीस ब्राँझच्या आकृती ओळीने उभ्या आहेत. क्रूस दाखवलेले नाहीत. हात जोडलेले, पाय जमिनीवरून सुटलेले, जणू सगळे एकदम वर निघालेत. त्यांत तीन आकृती लहान आहेत. सर्वांत धाकटा लुदोविको इबाराकी बारा वर्षांचा होता. मी पायथ्याशी कोरलेली नावं एकेक करत वाचत गेले आणि गोन्सालोंचं नाव सापडल्यावर आईला व्हिडिओ कॉल लावला. वसईत सकाळ होती, ती करंज्यांचं सारण ढवळत होती. तिने चमचा खाली ठेवला, पदर नीट केला आणि फोनच्या पडद्यापुढे हात जोडले. मग मला म्हणाली, "जवळ ने, अजून जवळ ने." पप्पांनी मागून विचारलं की तिथे फुलं वाहायला चालतात का. कोणीतरी आधीच वाहिलेली पांढरी फुलं मी त्यांना दाखवली.

दुपारी ट्रामने उराकामीला गेले. नागासाकीवरचा अणुबॉम्ब बंदरावर पडला असं अनेकांना वाटतं, पण तो फुटला या ख्रिस्ती वस्तीवर. ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. कॅथेड्रल स्फोटकेंद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. येशूची आई मारिया हिच्या १५ ऑगस्टच्या सणाआधीचं पापनिवेदन चालू होतं, आत असलेले धर्मगुरू आणि भाविक जागीच गेले. उराकामीच्या सुमारे १२,००० ख्रिस्ती रहिवाशांपैकी ८,५०० जण त्या बॉम्बने मारले असं सांगतात. आजची इमारत १९५९ची. तिच्या शेजारी उतारावर जुन्या मनोऱ्याचा कोसळलेला घुमट अजून तसाच पडून आहे आणि दाराशी काळवंडलेले दगडी पुतळे आहेत. आत बाजूच्या चॅपेलमध्ये मारियेच्या लाकडी मूर्तीचं फक्त मस्तक उरलं आहे. गाल भाजलेला, डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी. त्या चेहऱ्यापुढे मी फार वेळ थांबू शकले नाही.

कॅथेड्रलला दोन मनोरे, दोन घंटा होत्या. बॉम्बने एक फुटली, दुसरी ढिगाऱ्याखाली गाडली गेली पण अभंग राहिली. वाचलेल्या माणसांनी ती खणून काढली, लाकडं उभी करून टांगली आणि २४ डिसेंबर १९४५च्या संध्याकाळी वाजवली. घरं नव्हती, बहुतेकांच्या घरातली माणसं नव्हती. तरी नाताळ होता आणि तो कळवायला घंटा लागणार होती. दुसरा मनोरा मात्र पुढची ऐंशी वर्षं मुका राहिला. मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेल्या एका डॉक्टरच्या नातवाने अमेरिकेत पुढाकार घेतला, तिथल्या कॅथलिक लोकांनी पैसे जमवले आणि नवी घंटा आली. ९ ऑगस्ट २०२५ला दोन्ही घंटा पुन्हा एकत्र वाजल्या. मी गेले तो त्यानंतरचा पहिला नाताळ.

संध्याकाळच्या मिस्सेला बसायला जागा मिळावी म्हणून लवकर गेले, तरी मागच्या रांगा भरल्या होत्या. वयस्कर बायकांच्या डोक्यावर पांढरे जाळीदार पदर. माझ्या एका बाजूला व्हिएतनामी मुलांचा घोळका, दुसऱ्या बाजूला एक जपानी आजी. माझी पानं उलटायची गडबड पाहून त्यांनी गीतांच्या पुस्तकातलं पान बोटाने दाखवलं, आणि पुढे प्रत्येक गीताला न विसरता दाखवत राहिल्या. शांतीचं अभिवादन इथे हस्तांदोलनाने करत नाहीत, एकमेकांना वाकून करतात. आजी माझ्याकडे वळून इतक्या खाली वाकल्या की मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटली. शब्द जपानी, पण मिस्सेचा क्रम तोच, केव्हा उभं राहायचं, केव्हा गुडघे टेकायचे तेही माझ्या अंगात मुरलेलं. इथे आल्यापासून पहिल्यांदाच २४च्या रात्री मी कुठलाही वेळ मोजत नव्हते. बाहेर पडल्यावर आजींनी विचारलं, कुठून आलात. मी म्हणाले, भारतातून, वसईहून, गोन्सालो गार्सियांच्या गावाहून. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि शेजारच्या बायकांना हाका मारल्या. मग त्या दहा-बारा जणींनी मला घेरून वसईत चर्च कशी आहेत, किती माणसं जातात, नाताळाला काय करतात हे सगळं विचारून घेतलं. करंजी कशी असते ते हाताने आकार काढून समजावलं.

२५ला सकाळी ओउरा चर्चला गेले. बंदरावरच्या उतारावरचं हे छोटं, पांढरं चर्च फ्रेंच धर्मगुरूंनी १८६४ मध्ये बांधून पूर्ण केलं आणि सव्वीस हुतात्म्यांनाच अर्पण केलं. तेव्हा ते परदेशी रहिवाशांसाठी होतं. जपानी माणसाला ख्रिस्ती असणं गुन्हा होता, १६१४ पासूनच. संशयितांना येशू-मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. १७ मार्च १८६५ला उराकामीची काही माणसं चर्च बघायला म्हणून आली आणि त्यांतल्या एका बाईने फादर पतीजाँ यांच्या कानाशी सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. मग विचारलं, मारियेची मूर्ती कुठे आहे? दोनशेहून अधिक वर्षं धर्मगुरू नाही, चर्च नाही, छापलेलं पुस्तक नाही, आणि तरीही विश्वास टिकला होता. पतीजाँ यांनी लिहून ठेवलं आहे की मूर्तीच्या कडेवरचं बाळ पाहताच त्या लोकांना नाताळ आठवला. आम्ही हिमाच्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी त्याचा जन्म पाळतो, ते म्हणाले, मध्यरात्री गोठ्यात जन्मला, गरिबीत वाढला.

मला या प्रवासात सर्वांत जास्त भिडलं ते हे. सात पिढ्या कोणीतरी तारीख लक्षात ठेवली. कोणीतरी आपल्या पोरांना रात्री हळू आवाजात गोठ्याची गोष्ट सांगितली, बोलू नकोस असं बजावलं आणि त्या पोरांनी मोठं होऊन तेच केलं. त्यांच्या घरात ना तारा लागला, ना दिवा. या उघड होण्याची किंमतही त्यांनी मोजली. पुढच्या काही वर्षांत उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना देशभर हद्दपार केलं, त्यांतले सहाशेहून अधिक परतले नाहीत. १८७३ मध्ये बंदी उठल्यावर जे परतले त्यांनी ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात दरवर्षी प्रतिमा तुडवायला लावत, तीच जागा विकत घेतली. उराकामीचं कॅथेड्रल त्या जागेवर उभं आहे. ओउरा चर्च आता २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, गर्दी असते, पण त्या मूर्तीपुढे माणसं आपोआप हळू होतात.

शुक्रवारी, २६ला, ऑफिसचा वर्षातला शेवटचा दिवस. सगळ्यांनी मिळून टेबलं पुसली, फायली आवरल्या. सहकाऱ्यांसाठी नागासाकीहून कास्तेला आणला होता, हा पोर्तुगीजांनी शिकवलेला केक. चहाच्या वेळी तो कापताना मी त्यांना गोन्सालोंची गोष्ट सांगितली. क्युशूत जन्मलेल्या, शाळेत हा इतिहास शिकलेल्या माणसांना सव्वीस हुतात्मे ठाऊक होते, पण त्यांत एक जण भारतातला हे कोणाला माहीत नव्हतं. एकाने लगेच फोनवर वसईचा नकाशा उघडला.

आईपप्पा एप्रिलमध्ये येणार होते, साकुरा बघायला. आता पप्पा म्हणतात, फुलं नंतर कधीही बघू, ५ फेब्रुवारीच्या सुमाराला निशिझाकाला मिस्सा असते ना, तेव्हा येऊ. मी त्यांना सांगितलं की फेब्रुवारीत इथे कडाक्याची थंडी असते आणि मिस्सा उघड्यावर होते. आई म्हणाली, स्वेटर घेऊ, तू आधी पत्र पाठव, व्हिसाला वेळ लागतो.