वीडेनब्रुकचा तंबू, सहा व्होल्टचा रेडिओ

आमची फोक्सवॅगन कॅम्पर मार्च 1966 मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि आतलं लाकडी घर तिला वीडेनब्रुक गावी वेस्टफालिया कंपनीने बसवून दिलं. वोल्फ्सबुर्गच्या संग्रहालयाकडून चॅसी नंबरावर गाडीचा जन्मदाखला मिळतो. तारीख, रंग, कारखान्यातच लावलेल्या जादा वस्तू, सगळं त्यात लिहिलेलं असतं. तो हाती आला आणि मी नि नवऱ्याने ठरवलं, हिच्यात जे लावायचं ते तिच्याच काळातलं. हुबेहूब नकला घरपोच मिळतात, दिसतातही छान. पण 1966 च्या उन्हाळ्यात सुट्टीवर निघालेल्या एखाद्या कुटुंबाने जे विकत घेतलं असतं, तेच मला हवं आहे.

म्हणून 2022 च्या जूनमध्ये हेसिश ओल्डेनडोर्फ गाठलं. वेझर नदीच्या खोऱ्यातलं हे लाकडी चौकटींच्या घरांचं लहानसं गाव. जुन्या फोक्सवॅगनचा मेळा इथे साधारण चार वर्षांनी भरतो, तेव्हा बीटल आणि बसगाड्यांतून वाट काढत चालावं लागतं. गाड्या मी डोळे भरून पाहिल्या, पण पाय ओढत होते ते सुट्या भागांच्या बाजाराकडे.

तिथे एका आजोबांनी गवतावर पट्ट्यापट्ट्यांचा तंबू पसरून ठेवला होता. गाडीच्या बाजूला लावायचा, वेस्टफालियाचाच. जाड सुती कापड, घड्यांवर फिकट झालेलं, एका कोपऱ्यात बुरशीचे ठिपके. मी गुडघ्यांवर बसून एकेक शिवण आणि कड्या पाहिल्या. आतल्या बाजूच्या कापडी पट्टीवर कुणीतरी बॉलपेनने खांबांचा क्रम लिहून ठेवला होता: आधी मधला, मग दाराकडचा.

“खांब सगळे आहेत ना?” मी विचारलं.

“दोन कमी आहेत. आधीच सांगतो, नंतर शिव्या नकोत,” आजोबा म्हणाले. “कापड मात्र एकदाही धुतलेलं नाही. तुम्हीही मशीनमध्ये टाकू नका.”

350 युरोंवर सौदा ठरला. खरं तर तंबूत कापडापेक्षा खांबांचा संच मिळणं कठीण. कापड लोक जपून ठेवतात, खांब कुठल्यातरी कॅम्पिंगच्या मैदानावर राहून जातात. तरीही तो हाताने लिहिलेला क्रम पाहिल्यावर मला तंबू सोडवेना.

ऑक्टोबरमध्ये मानहाइमची वेटेरामा. माइमार्क्टच्या मैदानावर भरणारा जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा हा बाजार एवढा मोठा की पहाटे धुक्यात हातात टॉर्च घेऊन फिरणारे लोक दिसतात. चांगला माल उजाडायच्या आत हलतो. इथे डोळ्यांपेक्षा माहिती उपयोगी पडते. हेला कंपनीचा जुना फॉगलॅम्प घेताना काचेवर तीन लहरी रेषा, ‘के’ अक्षर आणि आकडा शोधायचा. ती त्या काळातल्या जर्मन मंजुरीची खूण. वर्तुळातला ‘ई’, म्हणजे नंतरच्या युरोपीय मंजुरीची खूण, दिसला तर मी पुढच्या टेबलाकडे वळते, काच कितीही लखलखीत असली तरी.

रेडिओचं प्रकरण आणखी नाजूक. ऑगस्ट 1966 पासून आमच्या कॅम्परसारख्या फोक्सवॅगन बसगाड्यांना 12 व्होल्टची यंत्रणा आली. आमची मार्चची, म्हणजे 6 व्होल्टची. एक देखणा क्रोमचा ब्लाउपुंक्ट कंपनीचा रेडिओ हातात घेतला, मागचं लेबल वाचलं आणि परत ठेवला: फक्त 12. दुपारी दुसरा सापडला, मागे 6 आणि 12 दोन्हींची सोय असलेला. विक्रेत्याने बॅटरी जोडली. मीडियम वेव्हवर नुसती खरखर, कारण जर्मनीतल्या सार्वजनिक केंद्रांनी त्या लहरींवरचं प्रसारण 2015 पर्यंत बंद केलं. एफएमचं बटण दाबलं आणि रस्त्यांवरच्या वाहतूककोंडीची बातमी स्पष्ट ऐकू आली. नवऱ्याने घासाघीस न करता पैसे काढून दिले, आणि बरोबर केलं.

तंबूचे दोन खांब मात्र मानहाइमलाही मिळाले नाहीत. एका डच विक्रेत्याने आमच्याकडून मापं लिहून घेतली आहेत. त्याच्या गोदामात सुटे खांब पडलेले आहेत आणि वसंतात वेटेरामाचा दुसरा बाजार हॉकेनहाइमच्या रेसट्रॅकवर भरतो, तिथे तो घेऊन येणार आहे. आम्ही तंबू बरोबर नेऊ, तिथेच उभा करून पाहू.