कास्टिंगच्या कॅड फायली: आधी लॉक, मग बदल

ग्रे आयर्नच्या कास्टिंगला साधारण १ टक्का श्रिंकेज, म्हणजे थंड होतानाचं आकुंचन, धरतात. माप ३०० मिमी असेल तर पॅटर्नवर, म्हणजे वाळूचा साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्यावर, ३०३. एकाने कास्टिंगच्या कॅड फाइललाच ही वाढ (स्केल) लावून ती त्याच नावाने सेव्ह केली आणि दुसऱ्याने तीच फाइल उघडून परत स्केल लावला, तर माप ३०६.०३ होतं. स्क्रीनवर हे डोळ्यांना दिसत नाही. कळतं ते पहिलं कास्टिंग मोजल्यावर, तोवर पॅटर्नचं मशीनिंग होऊन गेलेलं असतं.

कोल्हापूर भागातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्या आणि उद्यमनगरातली पॅटर्न शॉप यांच्यात रोज फायली फिरतात. तिथे दोन गोष्टी पक्क्या हव्यात: फायलींची साखळी आणि लॉक, म्हणजे एका वेळी एकानेच फाइल बदलायची सोय.

साखळी अशी: मशीन झालेला पार्ट एक फाइल, त्यावरून मशीनिंग अलाउन्स (कापायला ठेवलेलं जादा मटेरियल) आणि ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) दिलेलं कास्टिंग दुसरी, आणि स्केल फक्त तिसऱ्या, पॅटर्नच्या फाइलमध्ये. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये मागची फाइल पुढच्या फाइलमध्ये 'इन्सर्ट पार्ट'ने घ्यायची. ग्राहकाने बॉसची (पार्टवरच्या गोल उंचवट्याची) उंची बदलली की बदल पहिल्या फाइलमध्ये करायचा, पुढच्या दोन्ही रिबिल्ड करायच्या. कोअर बॉक्सही (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा कोअर ज्यात बनतो तो साचा) याच साखळीत असतो आणि नेमका तोच विसरला जातो.

आता लॉक. कॅडची फाइल बायनरी असते. दोघांनी केलेले बदल प्रोग्रामच्या कोडसारखे एकत्र करता येत नाहीत, एकाचं काम जातंच. म्हणून लहान डिझाइन ऑफिसला आम्ही एसव्हीएन (सबव्हर्जन) सुचवतो; ते फायलींच्या सगळ्या आवृत्त्या सर्व्हरवर सांभाळतं. गिट या तशाच दुसऱ्या प्रणालीतही मोठ्या फायलींसाठीचं एलएफएस लावून लॉक करता येतं, पण एसव्हीएन वापरायचं टॉर्टॉइज हे सॉफ्टवेअर राइट क्लिकवर चालतं आणि ड्राफ्ट्समनला कमांड शिकावी लागत नाही.

पार्ट, असेंब्ली, ड्रॉइंग या तिन्ही प्रकारच्या फायलींना 'नीड्स-लॉक' प्रॉपर्टी लावा. मग लॉक घेतल्याशिवाय फाइल रीड-ओन्ली राहते. ही प्रॉपर्टी आपोआप लावणारी ऑटो-प्रॉप्स सेटिंग आहे, पण ती फक्त नव्याने ॲड केलेल्या फायलींना लागते. आधीपासून असलेल्या फायलींना प्रॉपर्टी हाताने लावावी लागते. बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं आणि मग 'लॉक चालत नाही' अशी तक्रार येते.

कामाचा क्रम ठरलेला ठेवा. सॉलिडवर्क्स बंद, अपडेट (सर्व्हरवरचे ताजे बदल घेणं), गेट लॉक, मग फाइल उघडायची. सॉलिडवर्क्स चालू असताना अपडेट केलं तर उघडी फाइल विंडोज बदलू देत नाही, अपडेट अर्धवट अडकतं आणि क्लीनअप करावं लागतं. तुमची प्रत जुनी असेल तर लॉक मिळतच नाही, आधी अपडेट करावं लागतं. ही अडवणूक फायद्याची आहे. कमिट केलं, म्हणजे बदल सर्व्हरवर चढवले, की लॉक आपोआप सुटतो. कोणी लॉक घेऊन सुट्टीवर गेलं तर टॉर्टॉइजच्या रेपो-ब्राउझरमधून तो तोडता येतो, पण त्या माणसाला आधी फोन करा. त्याच्या मशीनवर कमिट न केलेलं काम असू शकतं.

फाइलचं नाव विंडोजमधून बदलू नका, असेंब्लीला पार्ट सापडणार नाही. '~$'ने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फायली इग्नोरमध्ये टाका. वर्किंग कॉपी (तुमच्या मशीनवरचं एसव्हीएनचं फोल्डर) गूगल ड्राइव्हच्या किंवा तशा सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवू नका. आतल्या डॉट-एसव्हीएन फोल्डरातला डेटाबेस खराब होऊ शकतो. जागा जवळपास दुप्पट धरा, कारण प्रत्येक फाइलची एक मूळ प्रत तिथेच साठते.

कमिटच्या मेसेजमध्ये 'बदल केले' एवढंच लिहिलं तर सहा महिन्यांनी त्याचा काही उपयोग नसतो. 'ग्राहक रिव्हिजन सी, बॉस १२ वरून १४ मिमी, कोअर बॉक्स रिबिल्ड' असं लिहा, आणि पार्ट, कास्टिंग, पॅटर्न, कोअर बॉक्स एकाच कमिटमध्ये जाऊ द्या. एसव्हीएनचा रिव्हिजन नंबर अख्ख्या रिपॉझिटरीला (सर्व्हरवरच्या साठ्याला) एकच असतो, त्यामुळे त्या एका नंबरावर चारही फायली जुळतात. पॅटर्न शॉपला फाइल द्यायची ती टॅग केलेल्या (त्या नंबरावर नाव देऊन ठेवलेल्या) फोल्डरातूनच, आणि तो नंबर ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये ग्राहकाच्या रिव्हिजनशेजारी छापायचा. तोच पॅटर्नच्या मागच्या बाजूला पंच करून घ्या.