क्रॉन काहीच बोलत नाही

"बॅकअप रोज होतोय ना?" प्रश्न जाता जाता विचारलेला. उत्तर ऐकायला विचारणारी थांबलीसुद्धा नाही. मी "हो" म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण कशाच्या जोरावर म्हटलं, हे संध्याकाळपासून शोधतेय आणि हाताला काही लागत नाहीये. क्रॉन म्हणजे सर्व्हरवर ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम, आणि क्रॉनटॅब म्हणजे त्याची कामांची यादी. त्या यादीत ओळ आहे, एवढंच. ओळ असणं आणि काम होणं यांच्यामध्ये किती भोकं आहेत ते आज लिहूनच काढते, नाहीतर झोप लागायची नाही.

मूळ दुखणं हे, की क्रॉन बोलत नाही. काम झालं तरी गप्प, फसलं तरी गप्प, सुरूच झालं नाही तरी गप्प. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही सारखेच.

तसा तो मुळात मुका नाही. पॉल विक्सीने १९८७ मध्ये लिहिलेला क्रॉन, ज्याचे वंशज आज डेबियनसारख्या कितीतरी डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांत) आहेत, कामाने छापलेलं सगळं त्या युजरला मेल करतो. क्रॉनटॅबच्या वर मेलटू लिहिलं तर सांगाल त्याला पाठवतो. पण मेल पाठवायला सर्व्हरवर मेलचा प्रोग्राम (एमटीए) लागतो आणि मिनिमल इन्स्टॉलमध्ये नेमका तोच नसतो. मग डेबियनचा क्रॉन लॉगमध्ये "नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट" एवढं लिहितो आणि कामाने मरता मरता जे सांगितलं ते फेकून देतो.

ही ओळ तरी कुठे शोधायची? डेबियन १२ पासून लॉग फाइलीत लिहिणारा आरसिसलॉग आपोआप येत नाही. सवयीने सिसलॉग फाइल उघडायला जावं तर फाइलच नसते. "जर्नलसीटीएल -यू क्रॉन" म्हणावं लागतं. तिथे प्रत्येक कामाची सीएमडी अशी नोंद दिसते आणि ती बघून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. पण त्या नोंदीचा अर्थ क्रॉनने काम सुरू करून दिलं, इतकाच. पुढे त्याचं काय झालं ते तिथे नाही. डेबियनमध्ये यावर एक साधा उतारा आहे, फारसा कुणी वापरत नाही. इटीसी-डिफॉल्टमधल्या क्रॉन नावाच्या फाइलीत एक्स्ट्रा ऑप्ट्सला "-एल ५" द्यायचं, एल कॅपिटल. १ म्हणजे सुरुवात नोंदव, २ म्हणजे शेवट, ४ म्हणजे अपयश, आणि हव्या त्या आकड्यांची बेरीज लिहायची. मुळात तिथे १ असतो. ५ करून क्रॉन रीस्टार्ट केला की शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड (संपताना प्रोग्राम परत देतो तो आकडा; ० म्हणजे यश) देणारं प्रत्येक काम लॉगमध्ये उमटतं.

हे केलं. हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. कारण एक्झिट कोडसुद्धा फसवतो.

पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसची प्रत काढणाऱ्या "पीजी_डंप" चं आउटपुट पाइपने, म्हणजे थेट पुढच्या कमांडच्या हातात, फाइल आवळणाऱ्या "जीझिप" ला देऊन फाइल करायची, ही ओळ जगभर चालते. पाइपलाइनचा एक्झिट कोड असतो शेवटच्या कमांडचा. पासवर्ड बदलला म्हणून पीजी_डंप पहिल्याच पायरीला कोसळला, तरी जीझिप बिचारा मिळालेली शून्य बाइट नीट बांधतो आणि "काम फत्ते" म्हणून ० परत करतो. रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल २० बाइटची होते. रोज नव्या तारखेची, व्यवस्थित नावाची, २० बाइटची फाइल. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

स्क्रिप्ट बॅश या शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) असेल तर वरती "सेट -ओ पाइपफेल" लिहिता येतं, म्हणजे मधली कमांड फसली तरी अपयश धरलं जातं. मला पाइप मोडणंच बरं वाटतं: आधी डंप तात्पुरत्या नावाच्या फाइलीत, मग तपासणी, मग जीझिप, आणि सगळं सुरळीत झाल्यावरच "एमव्ही" ने खरं नाव. अर्धवट फाइलीला खरं नाव कधी मिळतच नाही. तपासणी म्हणजे "जीझिप -टी" नव्हे. त्याच्या लेखी २० बाइटची फाइलही निर्दोष असते. साध्या एसक्यूएल डंपच्या शेवटच्या १० ओळींत "पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस डंप कंप्लीट" ही कॉमेंट आहे का ते ग्रेपने बघायचं. ती नसेल तर डंप मध्येच तुटलाय.

आजची फाइल उघडून बघितली. ओळ आहे, आकारही ठीक. बरं वाटायला हवं होतं. पण आजची ठीक, म्हणजे आज ठीक. बुधवारी विचारलं तर बुधवारी परत बघावं लागणार.

हाताने चालवल्यावर चालतं आणि क्रॉनमध्ये चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. क्रॉन लॉगिन करत नाही. प्रोफाइल फाइल वाचत नाही, बॅशआरसी वाचत नाही. डेबियनवर युजरच्या क्रॉनटॅबला पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) मिळतो तो फक्त यूएसआर-बिन आणि बिन. यूएसआर-लोकल-बिनमध्ये टाकलेलं टूल त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. शेल मिळतो एसएच, म्हणजे डॅश, बॅश नव्हे. तपासायचं असेल तर मिनिटभर पुढची वेळ टाकून वाट बघत बसू नये. "एन्व्ह -आय" ने सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स पुसून, होम आणि तेवढाच तोकडा पाथ देऊन, "एसएच -सी" खाली तीच ओळ चालवावी. क्रॉनला जे दिसणार तेच आत्ता आपल्याला दिसतं.

डॅशमुळे होणारी एक गंमत तर क्रूर आहे. बॅशमध्ये "&>" म्हणजे आउटपुट आणि एरर दोन्ही फाइलीत. डॅशला ते कळतच नाही. तो "&" पाशी कमांड तोडून ती बॅकग्राउंडला ढकलतो आणि मग "> फाइल" वेगळं समजून फाइल रिकामी करतो. लॉग कायम शून्य बाइट, आणि बॅकग्राउंडला काय झालं याची दाद ना फिर्याद. "> फाइल २>&१" असंच लिहावं, याच क्रमाने. उलटं लिहिलं तर एरर फाइलीत जात नाही.

टक्क्याचंही तसंच. क्रॉनटॅबच्या ओळीत % म्हणजे नवी ओळ. पहिल्या टक्क्यानंतरचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं. म्हणून फाइलच्या नावात "डेट +%एफ" घातलं की कमांड अर्ध्यात कापली जाते. "\%" लिहायचं, नाहीतर सगळं स्क्रिप्टमध्ये हलवायचं. "स्लीप $((रँडम % ६००))" ही ओळ तर दोनदा मरते: एकदा टक्क्याने, आणि तो सावरला तरी रँडम हे डॅशला माहीतच नाही म्हणून. मी आता क्रॉनटॅबमध्ये स्क्रिप्टचा पूर्ण पाथ आणि रीडायरेक्ट यांपलीकडे काही ठेवत नाही. या जुन्या ओळी ज्याने लिहिल्या त्याने हे... असो. तो विषय आज नको.

थोडं रडून घेते. हे काम असं आहे की नीट झालं तर ते झालंय हे कुणाला दिसत नाही. वर्षभर पहाटे ३ ला सगळं बिनबोभाट होत राहतं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. न झालं तर मात्र सगळ्यांना एकाच वेळी कळतं. आणि मधल्या काळात कुणी सहज विचारलं की आपल्या तोंडून निघतं ते एक पोकळ "हो". वाईट याचं नाही की कौतुक होत नाही. मलाच माझ्या कामाचा पुरावा दाखवता येत नाही, याचं आहे. क्रॉनच्या जवळ राहून मीही...

बरं. गप्प राहून जास्तीचं काम करणं हाही क्रॉनचा एक गुण, तो नोंदवायला हवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे ३ ला म्हणून "० ३ १-७ * ०" (क्रमाने मिनिट, तास, तारीख, महिना, वार) लिहिलं, तर ते १ ते ७ तारखेला रोज आणि शिवाय प्रत्येक रविवारी चालतं. तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले की क्रॉन "आणि" धरत नाही, "किंवा" धरतो. तारखेचा रकाना १-७ ठेवून वार स्क्रिप्टमध्ये "डेट" कडून तपासायचा. "*/४०" हेही दर ४० मिनिटांनी नसतं: ०, ४०, परत ०. एकदा ४० मिनिटांचं अंतर, एकदा २० चं. आणि "* ३ * * *" म्हणजे ३ वाजता एकदा नव्हे, ३ ते ४ मध्ये ६० वेळा. आधीचं काम संपायच्या आत पुढचं सुरू होऊ नये म्हणून पुढे "फ्लॉक -एन" लावायचा. क्रॉन स्वतः ते बघत नाही.

न चालण्याचे प्रकार त्याहून शांत. क्रॉन-डेली या रोजच्या कामांच्या फोल्डरमध्ये "बॅकअप.एसएच" टाकलं तर डेबियनवर ते कधीच चालत नाही, कारण त्या फाइली चालवणारा रन-पार्ट्स नावात टिंब असलेल्या फाइली ओलांडून जातो. एरर नाही, इशारा नाही. "रन-पार्ट्स --टेस्ट" आणि पुढे फोल्डर दिलं की नक्की काय चालणार त्याची यादी मिळते. आपली फाइल तिथे दिसली नाही तर नाव बदला किंवा एक्झिक्यूटची परवानगी बघा. अल्पाइन या छोट्या डिस्ट्रोवर बिझीबॉक्सचा क्रॉनडी असतो. त्याच्या रोजच्या, आठवड्याच्या कामांची फोल्डरं इटीसी-पीरिऑडिकमध्ये, आणि तिथेही टिंबाचा तोच नियम. बॅश मुळात नसतो. पहिल्या ओळीत बॅश लिहिलेली स्क्रिप्ट "नॉट फाउंड" म्हणते आणि माणूस समोर दिसणारी स्क्रिप्ट शोधत बसतो. कंटेनरमध्ये तर क्रॉन कुणी सुरूच केलेला नसतो. क्रॉनटॅब सुंदर, वाचणारा कुणी नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आणि हसू आलं. इतका वेळ मी क्रॉनने बोलावं म्हणून रुसून बसलेय. जो उठलाच नाही तो "मी उठलो नाही" हे कसं सांगणार? त्याच्याकडून ही अपेक्षाच चुकीची आहे. विचारणारं बाहेरच असायला हवं.

सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू करून सांभाळणारी यंत्रणा, तिचे टायमर यात थोडे बरे. सर्व्हिस फाइलीत टाइप वनशॉट आणि एक्झेकस्टार्ट. टायमर फाइलीत ऑनकॅलेंडर "*-*-* ०३:२०:००", शिवाय पर्सिस्टंट ट्रू, म्हणजे मशीन त्या वेळी बंद असलं तर चालू झाल्यावर राहिलेलं काम उरकतं. मग डीमन-रीलोड, आणि "इनेबल --नाऊ" करायचं ते टायमरला, सर्व्हिसला नव्हे. इथे बरेच जण अडखळतात. वेळेची अक्षरं पटत नसतील तर "सिस्टमडी-ॲनलाइझ कॅलेंडर" पुढची खरी वेळ काढून दाखवतो. सर्व्हिस चालू असताना टायमर परत वाजला तर दुसरी सुरू होत नाही, त्यामुळे फ्लॉकही लागत नाही. आणि "लिस्ट-टायमर्स" मध्ये लास्ट नावाचा रकाना असतो: शेवटचं कधी. ते बघून मला फारच गोड वाटलं. मग आठवलं की तेही टायमर वाजल्याची वेळ सांगतं, यशाची नाही. यशासाठी "सिस्टमसीटीएल --फेल्ड" बघायचं, किंवा ऑनफेल्युअरला दुसरी सर्व्हिस जोडायची, जी कुठेतरी निरोप धाडेल.

एवढं करूनही सर्व्हरच बंद पडला तर निरोप धाडणार कोण? म्हणून शेवटचा तुकडा उलटा ठेवलाय. स्क्रिप्टच्या अगदी शेवटी, सगळ्या तपासण्या पार पडल्यावर, एका फाइलीला "टच", म्हणजे तिची वेळ आत्ताची करायची. दुसरं मशीन एसएसएचने येऊन "फाइंड -एममिन +१५६०" विचारतं, म्हणजे ती फाइल २६ तासांहून जुनी झालीय का: २४ तास कामाचे, २ उशिराला सूट. जुनी झाली असेल, फाइलच नसेल किंवा एसएसएच जोडलंच गेलं नाही, तर आरडाओरडा. आता गप्प बसण्याचा अर्थ एकच उरतो.

दुसऱ्या मशीनवर हे विचारतं कोण? क्रॉन. आणि त्या क्रॉनला कोण विचारणार? हं. दोघांनी एकमेकांच्या फाइली बघायच्या, असं ठरवलंय. दोघं एकाच रात्री मेले तर मला दुसऱ्या मार्गाने कळेलच.

रिस्टोअर करून बघणं राहिलंय. खरं म्हणजे तोच एक पुरावा, बाकी सगळं कागदी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, रिकाम्या डेटाबेसवर, मुख्य टेबलांमधल्या ओळी मोजून. तारखेचा रकाना १-७, वाराचा रकाना *, आणि वार स्क्रिप्टमध्ये. शिवाय "क्रॉनटॅब -एल" चं आउटपुटही रोजच्या बॅकअपमध्ये टाकायचं, कारण "क्रॉनटॅब -ई" च्या जागी "-आर" दाबलं गेलं तर तो काही न विचारता सगळं पुसून मोकळा होतो, आणि कीबोर्डवर ती दोन बटणं शेजारी शेजारी आहेत. "-आर" बरोबर "-आय" दिलं तर विचारतो. पण चुकून दाबणारा "-आय" कशाला देईल?